ऑटिझमच्या मुलांसाठी शिकणारी पोरं जिल्ह्यात परत येतील का?

पदवी झाली की बल्लारपूरचा तरुण पेपर मिल, वेकोलि नाहीतर स्पर्धा परीक्षेकडे बघतो. ऑटिझम असलेल्या, म्हणजे स्वमग्न मुलांना शिकवण्याची वाट थोडेच धरतात. जे धरतात, ते का?

पहिलं कारण घरातलं. भाऊ, पुतणी किंवा शेजारचं लेकरू बोलत नाही, नजरेला नजर देत नाही आणि गाव त्याला 'वेडं' म्हणतं, हे अनेकांनी जवळून पाहिलेलं असतं. दिल्लीतली 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्थाही १९९१ मध्ये मेरी बरुआ या आईनेच सुरू केली.

दुसरं कारण कायदा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी प्रमाण ठरवलं: प्राथमिकला १० मुलांमागे, माध्यमिकला १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना ही पदे जाहीर करून भरायला सांगितलं. म्हणजे ही नुसती समाजसेवा नाही, पक्की नोकरी होऊ शकते. मात्र साधं बीएड चालत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणाचा कोर्स आणि नोंदणी लागते.

खरी गोम पुढे आहे. पद कंत्राटीच राहिलं, तर शिकलेलं पोरगं गोंडपिपरी किंवा अहेरीला कशाला येईल? ते शहरातल्या खासगी थेरपी सेंटरला जाईल. नुकसान इथल्या लेकराचं होईल, कारण स्वमग्न मूल रोजच्या सरावाने शिकतं, महिन्यातून एकदा नागपूरची चक्कर मारून नाही.

म्हणून आपल्या तालुक्यात विशेष शिक्षकांची पदे किती मंजूर आणि किती भरली, हे पालकांनी जिल्हा परिषदेला लेखी विचारायला हवं.