वाटणीपत्रात न बसणारी माणसे

वाडा पाडून इमारत उभी करायचे ठरले की वाटणीचा कागद होतो. दागिने तोळ्यांत मोजतात, जमीन गुंठ्यांत, तांब्यापितळेची भांडी वजनावर. दिवाणखान्यातल्या पणजोबांच्या तैलचित्राला मात्र माप नसते. बँकेच्या नोकरीत मी तारणाच्या कितीतरी याद्या तपासल्या. घरातली तसबीर त्यांत कधी आढळली नाही. मग ‘फ्लॅटमध्ये एवढे मोठे चित्र लावायचे कुठे?’ या एका प्रश्नावर पगडीवाले पणजोबा माळ्यावर जातात, तिथून जुन्या बाजारात, आणि शेवटी एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर कुणाचेही पूर्वज होऊन बसतात.

अशी चित्रे ऐपतदारांचीच असत, हे खरे. घरातल्या बायकांच्या वाट्याला तीही फारशी आली नाहीत. पण १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि पेस्तनजी बोमनजी, धुरंधर, त्रिंदाद, हळदणकर अशा चित्रकारांनी व्यक्तिचित्रणाला जी उंची दिली, ती आपल्या सर्वांची मिळकत आहे. कॅमेरा क्षण टिपतो. चित्रकार माणसाला पुन्हा पुन्हा समोर बसवून जोखतो. ओठांची घडी, काठीवरची पकड यांतून स्वभाव उतरतो.

मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातले, हाताने ज्योत झाकणाऱ्या तरुणीचे जलरंगचित्र बहुतेकांनी निदान छापील रूपात तरी पाहिले असेल. कित्येक जण ते बेधडक रविवर्म्याचे म्हणून सांगतात. रविवर्मा १९०६ मध्येच निवर्तले. हे चित्र १९४० नंतरचे, सावळाराम हळदणकरांचे. दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी गीता. गीताताई उपळेकर २०१८ मध्ये, शंभरी ओलांडून गेल्या. एवढ्या गाजलेल्या चित्राची ही गत, तर तुमच्याआमच्या घरच्या तसबिरीची ओळख किती टिकणार?

सरकार काय करणार? १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याने रविवर्म्याची चित्रे परदेशी जाण्यापासून रोखता येतात. माळ्यावरची वाळवी रोखता येत नाही. ते काम घरच्यांचेच.

ते अवघडही नाही. चित्र ओलीच्या भिंतीला टांगू नये, ओल्या फडक्याने पुसू नये, पाट्या रंगवणाऱ्याकडून ‘ताजे’ करून घेऊ नये. चौकटीच्या मागच्या लाकडावर एक चिठ्ठी लावावी : कोणाचे, कोणी काढले, केव्हा. हे सांगणारी म्हातारी माणसे आहेत तोवरच विचारून घ्यावे.

आणि वाटणीच्या वेळी चित्र कोणाचे? माझ्या मते थोरल्याचे नव्हे, मोठ्या फ्लॅटवाल्याचेही नव्हे. चित्रातल्या माणसाच्या तीन गोष्टी ज्याला सांगता येतील, त्याचे. मग ती सासरी गेलेली नात का असेना! तसे कोणीच नसेल, तर गावातल्या संग्रहालयाला विचारावे. पण चिठ्ठी लावल्यावाचून त्याला उंबऱ्याबाहेर काढू नये.