पाठपुराव्याला यश! पण पाठपुरावा करावाच का लागला?

‘चेस’ हा इंग्रजी शब्द आयपीएलमुळे आता पारावरच्या म्हाताऱ्यांनाही पाठ झालाय. ‘एकशे ऐंशी चेस होतील का रे?’ असं सहज विचारतात.

शब्द मूळचा शिकारीचा. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ‘कॅच’ हा शब्दही त्याच मुळातला, म्हणजे पाठलाग आणि पकड हे सख्खे भाऊ. मध्ययुगात इंग्लंडमधले सरदार शिकारीसाठी रान राखून ठेवायचे, त्या रानालाही ‘चेस’च म्हणत. कॅनॉक चेस हे त्यातलं एक, आजही नकाशावर आहे. अमेरिकेतली चेस बँक मात्र शिकारीवरून नाही, तर लिंकनचे अर्थमंत्री सॅल्मन चेस यांच्या आडनावावरून. आणि आपल्याकडच्या कंपन्यांत पोरं दिवसभर ‘पेमेंट चेस कर, क्लायंटला चेस कर’ हेच ऐकत असतात.

मराठीत एवढा सगळा भार एका शब्दावर नाही. चोराचा पाठलाग, जनावराचा माग, उधारीचा तगादा आणि कामाचा पाठपुरावा. प्रत्येकाची जागा वेगळी. पेपरात ‘सिनेस्टाईल पाठलाग’ फक्त पोलीस करतात. पाठपुरावा करतात ते पुढारी. चौकातला कुठलाही फ्लेक्स बघा: ‘साहेबांच्या पाठपुराव्याला यश!’ खाली हात जोडलेले वीस फोटो. काम काय झालं? जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलला. बसथांब्याला पत्रा बसला.

माझा प्रश्न साधा आहे. जे काम व्हायलाच हवं होतं, त्यासाठी कुणाला मागे का लागावं लागलं? ज्या गावात पाठपुराव्याला यश येतं, तिथं कारभाराला अपयश आलेलं असतं. फ्लेक्सवर फक्त अर्धीच बातमी छापली जाते.

आणि ज्यांच्या मागे साहेब नाहीत त्यांचं काय? निराधार योजनेचा अर्ज केलेली विधवा बाई घ्या. तालुक्याला एक खेटा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलं झालं. पण बुडालेली मजुरी काही अर्धी होत नाही. ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘सर्व्हर डाऊन आहे’, ‘सोमवारी या’. चार खेट्यांनंतर बाई येणंच बंद करते. मग तिचं काम अडलंय हेही कुणाला कळत नाही.

2 एप्रिल 2011 आठवा. वानखेडेवर श्रीलंकेविरुद्ध 275 धावांचं लक्ष्य होतं, 50 षटकं होती. धोनीचा षटकार बसला तेव्हा दहा चेंडू बाकी होते. अवघड होतं, पण किती धावा करायच्या आणि किती चेंडूंत, हे पहिल्यापासून माहीत होतं. कार्यालयातल्या चेसमध्ये लक्ष्यच पळत असतं. आज उत्पन्नाचा दाखला हवा, उद्या प्रतिज्ञापत्र, परवा झेरॉक्स पुसट. आणि षटकं किती, हे कुणीच सांगत नाही.

खरं तर कायद्यानं षटकं ठरवून दिलेली आहेत. आपण ज्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो, तो सांगतो की कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं तर अधिसूचित सेवांना मुदत लावली. अर्जाची पोच आणि क्रमांक मिळायला हवा, मुदत टळली की अपील करता येतं, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. हा कायदा म्हणजे पाठपुराव्याची गरजच संपवायचा प्रयत्न होता.

कर्मचारी म्हणतील, एका माणसाकडे तीन टेबलांचा कारभार आहे, पदं रिकामी आहेत. खरं आहे, नाकारत नाही. पण मग ती रिकामी पदं भरण्यासाठी पाठपुरावा करा की! तो आमदारांनी विधानसभेत करावा. रिकाम्या खुर्चीचा खर्च अर्जदारानं मजुरी बुडवून का भरायचा?

म्हणून पुढाऱ्यांकडे एकच मागणं आहे. एकेकाच्या दाखल्यासाठी फोन करणं थांबवा. त्यापेक्षा आमसभेत विचारा की तालुक्यात मुदत टळलेले अर्ज किती, कुठल्या टेबलावर, आणि आजवर दंड कितीजणांना झाला. हे आकडे दर महिन्याला कार्यालयाच्या दारावर लावायला लावा. यात फोटोला जागा कमी आहे, हे मान्य.

आणि आपण? अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पोचेवर तारीख बघायची, मुदत विचारून तिथंच पेनानं लिहून ठेवायची. मुदत टळली की खेटे घालायचे नाहीत, अपील करायचं. शेजारच्या ज्या म्हातारीला अपील लिहिता येत नाही, तिला लिहून द्यायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

पुढच्या वेळी ‘पाठपुराव्याला यश’चा फ्लेक्स दिसला, की लावणाऱ्याला एवढंच विचारा: पहिला अर्ज कुठल्या तारखेचा होता?