"तेल लावलं नव्हतंस का?"



बाळंतिणीला भेटायला गेलं की आपण दोन गोष्टी हमखास विचारतो. बाळ कोणावर गेलंय, आणि अंगावरचं दूध पुरतंय का. शेक-मालिश चालू असताना पदर बाजूला झाला तर तिसरा प्रश्न येतो, तोही आवाज खाली आणून: "अगं बाई, किती वळ उठलेत पोटावर! तेल लावलं नव्हतंस का?"

हा तिसरा प्रश्न आपण बंद करावा असं माझं स्पष्ट मत आहे. तो टोचतो, आणि वर चुकीचाही आहे. त्यात मुलीचा आळस गृहीत धरलेला असतो. नऊ महिने ओझं वाहून, कळा सोसून ती मोकळी होते, आणि आपण तिच्या हातात हलगर्जीपणाचं प्रमाणपत्र देतो.

मुली याला स्ट्रेच मार्क्स म्हणतात, आपण वळ किंवा रेघा म्हणत आलो. होतं ते असं. वरच्या पातळ कातडीखाली एक जाड थर असतो. त्यात कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे धागे असतात. एकाने बळकटी येते, दुसऱ्याने ताणलेली त्वचा परत जागेवर येते. अंग भराभर वाढलं की हा थर आतून फाटतो, आणि गरोदरपणातली संप्रेरकं त्याला आधीच थोडा ढिला करून ठेवतात. वर दिसते ती त्या आतल्या चिरेची खूण. आधी लालसर-जांभळी, कधी खाज सुटणारी, आणि काही महिन्यांनी पांढुरकी, चंदेरी. आईला असतील तर लेकीला होण्याचा संभव जास्त. कमी वयात दिवस गेले, बाळ वजनदार असलं, आईचं वजन झपाट्यानं वाढलं, तरी जास्त. आता सांगा, आईकडून आलेली कातडी कोणत्या बाटलीतल्या तेलाने बदलणार?

आमच्या पिढीत विशी-एकविशीत पहिलं बाळंतपण व्हायचं. तेव्हा या रेघा आमच्याही पोटांवर भरपूर होत्या. साडीखाली झाकलेल्या होत्या, एवढंच. आज सुनेला बोलणाऱ्या कितीजणींनी स्वतःचं पोट आरशात पाहिलंय, देव जाणे.

तेलाविषयी थोडं. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2012 साली गरोदरपणात लावायच्या क्रीम-तेलांच्या सहा चाचण्या तपासल्या. त्यात 800 बायका होत्या. अशा लेपांनी वळ टळतात असा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. कोको बटर आणि ऑलिव्ह तेलसुद्धा त्या यादीत होतं. मी कॉमर्सची, हिशोब केल्याशिवाय राहवत नाही: चारशेची बाटली, महिन्याला दोन, असे सहा महिने, म्हणजे 4,800 रुपये. खाज कमी व्हावी, कोरडी त्वचा मऊ राहावी म्हणून तेल जरूर लावा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात बरंच वाटतं. पण त्याला घरातलं खोबरेल पुरतं.

आपल्या जुन्या वैद्यांनाही हे माहीत होतं. चरकसंहितेत सातव्या महिन्यातल्या या त्रासाला 'किक्किस' असं नाव आहे. म्हणजे आपण ज्या महिन्यात डोहाळेजेवण करतो, तोच महिना. त्यात गंमत अशी, की बाळाला केस फुटतात म्हणून आईला जळजळ होते असं बायका म्हणतात, याची तिथे नोंद आहे, आणि आत्रेयांनी ते खोडून काढलंय. पोट वाढून दोष वर ढकलले जातात, त्याने आग होते, मग खाज, आणि खाजेतून वळ, असं त्यांचं म्हणणं. तेव्हाच्या आचार्यांनीसुद्धा बाईला दोष न देता वाढत्या गर्भाकडे बोट दाखवलं. उपायांत लोणी सांगितलंय, ते आपल्या महाविगईत येतं, म्हणून आपल्याला चालणार नाही. चंदनाचा लेप चालेल.

आता आपल्या धर्माचं. हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "शरीर नाशिवंत, अशुचि, त्याचं एवढं काय?" बारा भावनांतली अशुचि भावना मीही म्हणते. पण ती स्वतःच्या देहावरचा मोह सुटावा म्हणून आहे. श्वेतांबर परंपरेतल्या मल्लीनाथांची कथा आठवा. राजकन्या मल्लीच्या रूपावर सहा राजे लुब्ध झाले, तेव्हा तिने स्वतःची सोन्याची पोकळ मूर्ती करवली. तिच्यात रोज अन्नाचा घास टाकला, आणि ते सगळे जमले तेव्हा झाकण उघडलं. दुर्गंधीने सगळ्यांनी नाकं धरली. तिने दाखवलं ते स्वतःच्या देहाचं खरं रूप. शेजारच्या बाईचं पोट उघडून दाखवलं नाही. दुसऱ्याचं अंग पाहून नाक मुरडणं याला आपल्या शास्त्रात वेगळं नाव आहे: जुगुप्सा, आपण दुगंछा म्हणतो. ती नऊ नोकषायांत मोजली आहे. म्हणजे वळ सुनेच्या पोटावर, आणि कर्मबंध आपल्या खात्यावर. हा व्यवहार कोणत्या वहीत बसतो?

कल्पसूत्रात त्रिशलामातेचा गर्भकाळ वाचला जातो. फार गरम नको, फार थंड नको, फार तिखट नको, असं जपून खाणं. आईला त्रास नको म्हणून पोटातल्या बाळाने हलणं थांबवलं, आणि त्यानेच ती घाबरली, हा प्रसंग ऐकताना आपण डोळे पुसतो. घरी येऊन मात्र त्याच काळातून गेलेल्या मुलीला तेलावरून टोमणा मारतो.

या टोमण्यांनी काय होतं ते मी पाहिलंय. धुळ्यातल्या माझ्या नात्यातल्या एका मुलीने बाळ वर्षाचं झालं तरी साडी नेसणं टाळलं. मे महिन्यात हळदीला लांब जॅकेट घालून बसली होती, घामाने निथळत. तिच्या प्रकृतीला काही झालं नव्हतं. लोकांच्या नजरेने झालं होतं. अशी मुलगी मग कुठलंही महागडं पाकीट विकत घेते.

ते पाकीट उलटवून वाचा, एवढीच विनंती. कोलॅजन हे प्राण्यांच्या अंगातलं प्रथिन आहे. पावडरमधलं बहुतेक गुरांच्या कातड्यातून किंवा माशांपासून काढलेलं असतं. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतलं, बीजवॅक्स मधमाश्यांचं. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला भारताने 2014 साली बंदी घातली. चाचणी वेगळी आणि घटक वेगळे, हे मात्र विसरू नका. बरं, कोलॅजनचं क्रीम वरून लावून ते आतल्या थरापर्यंत पोचतही नाही. लेझर, बारीक सुयांचा उपचार, ट्रेटिनॉइनचं मलम यांनी ताज्या लाल रेघा फिकट होतात, पूर्ण जात नाहीत, आणि बऱ्याच बैठका लागतात. ट्रेटिनॉइन गरोदरपणात अजिबात नको. एखादीला हवं असेल तर तिने त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन करावं, त्यात कमीपणा नाही. सासूने सांगितलं म्हणून करू नये.

वयात येणाऱ्या मुलींच्या मांड्यांवर, मुलग्यांच्या पाठीवर आडव्या रेघा दिसल्या तर घाबरू नका. उंची झटकन वाढली की होतं. पाठीवरचे वळ पाहून "शाळेत मारलं का रे?" म्हणून गहजब करणाऱ्या आया मी पाहिल्यात.

काळजी करायची ती वेगळ्या वळांची. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात घामाने जांघेत, काखेत नायटा होतो, आणि आपण मेडिकलवाल्याला "खाजेचं काहीतरी द्या" म्हणतो. मिळणाऱ्या ट्यूबमध्ये अनेकदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ते महिनोन् महिने लावलं जातं. नायटा आतून पसरतो, त्वचा पातळ होते, आणि तिथे रुंद, कायमचे वळ पडतात. गोरं करणाऱ्या काही क्रीममध्येही हेच असतं. 2018 साली केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी काउंटरवर मागितली की मिळतात. आणि वळ एकाएकी रुंद, जांभळे होत असतील, सोबत चेहरा सुजल्यासारखा गोल, रक्तदाब वाढलेला, जरा लागलं की काळंनिळं होतंय, तर थेट डॉक्टरकडे जा. तो अंगातल्या संप्रेरकांचा आजार असू शकतो.

आज घरातला औषधांचा डबा काढून ट्यूबच्या मागचं नाव वाचा: क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन. यातलं काही महिनोन् महिने लावत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा. आणि अर्धी उरलेली ट्यूब, "मला लागू पडली" म्हणून, धाकट्या जावेला देऊ नका.