स्वस्ताईतला वाटा

'पैसे आम्ही मोजणार, मग किती घ्यायचे हे दुकानदाराने का ठरवावे?' सवलतीच्या प्रत्येक हंगामात हा प्रश्न ऐकू येतो, आणि तो विचारणारा स्वतःला ग्राहकहक्कांचा कैवारी समजतो. आमचे मत नेमके उलट आहे. सवलतीच्या वस्तूवर 'एका ग्राहकास इतकेच' अशी मर्यादा घालणे हा अन्याय नव्हे. ती न घालणे हा अन्याय आहे.

तेलाच्या पिशव्यांसाठी प्राध्यापकांनी लेखणी का झिजवावी, असे कोणी म्हणेल. परंतु गेल्या दिवाळीआधी आमच्या तालुक्याच्या गावातील एका मोठ्या दुकानात जे पाहिले, ते विसरता येत नाही. सवलतीचे गोडेतेल सकाळी अकरालाच संपले. चार-पाच जणांनी खोकीच्या खोकी टेम्पोत चढवली होती. संध्याकाळी काम सुटल्यावर आमच्या महाविद्यालयात झाडलोट करणाऱ्या मावशी जाहिरातीचा कागद घेऊन तेथे पोहोचल्या, तेव्हा फळी रिकामी होती. पुढे तेच तेल त्यांनी गल्लीतल्या दुकानातून चढ्या दराने घेतले. सवलत जाहीर झाली मावशींच्या नावाने. ती पदरात पडली टेम्पोवाल्यांच्या.

'जो आधी येईल त्याला' हा नियम निःपक्षपाती आहे, असे सांगितले जाते. तो तसा नाही. ज्याच्यापाशी वाहन आहे, हाती रोकड आहे आणि सकाळी दहाला मोकळा वेळ आहे, तोच आधी येतो. रोजंदारीवरचा माणूस आधी येऊच शकत नाही.

यावर आक्षेप येतो, की रेशनचे धान्य सरकारच्या पैशाचे, तेथे वाटा ठरवणे ठीक. खाजगी दुकानात ते कशाला? २०२३ च्या जुलैत टोमॅटो कडाडले, तेव्हा दिल्लीत सरकारी सहकारी संस्थेमार्फत स्वस्त टोमॅटो माणशी दोन किलोच दिले गेले आणि ते बहुतेकांना रास्तच वाटले. परंतु खाजगी दुकानातली स्वस्ताई तरी कोणाच्या खिशातून येते? दुकानदार एखादी वस्तू तोट्यात विकतो ती गिऱ्हाईक आत यावे म्हणून; तो तोटा साबण, मसाले, कपडे यांच्या नफ्यातून भरून निघतो. म्हणजे त्या तेलाची किंमत सारे ग्राहक मिळून चुकवत असतात. मग ते चौघांनीच का न्यावे?

एकत्र कुटुंबाचा आक्षेप मात्र आम्हांस मान्य आहे. बारा माणसांच्या घराला दोन पिशव्या पुरत नाहीत. त्यावर उपाय आहे: मर्यादा बेताची ठेवावी आणि शेवटच्या संध्याकाळी माल उरल्यास ती उठवावी. घरातील जरुरीसाठी चार पिशव्या जास्त मागणारा आणि टेम्पो घेऊन येणारा यांतला फरक कोणत्याही दुकानदाराला कळतो.

दुकानदारालाही मात्र मोकळे सोडता येणार नाही. मर्यादेची गोष्ट पैसे देण्याच्या खिडकीशी, रांगेत अर्धा तास काढल्यावर कळणे ही फसवणूकच होय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, सवलतीच्या भावाची जाहिरात करून वाजवी काळ आणि वाजवी प्रमाणात माल विकण्याचा इरादाच नसणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. साठा थोडा असेल तर जाहिरातीतच तसे स्पष्ट सांगावे, असे २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही बजावतात. तेव्हा भावाचा आकडा ज्या टायपात, त्याच टायपात मर्यादेचा आकडा छापावा.

२६ जानेवारी २००६ रोजी बिग बझारच्या 'सबसे सस्ता दिन'ला लोक असे लोटले, की काही ठिकाणी दारे बंद करून पोलीस बोलवावे लागले. तेव्हा अनेकांनी गर्दीच्या हव्यासाला नावे ठेवली. आम्हांस तो हव्यास कमी आणि धास्ती अधिक वाटते: आपल्यापर्यंत येईतो काही उरणार नाही ही धास्ती. प्रत्येकाचा वाटा आधीच ठरलेला असेल, तर धक्काबुक्की कोण कशाला करील?

पंगतीत वाढपी पहिल्याच पानावर सारी जिलबी रिती करीत नाही. त्याला कोणी स्वातंत्र्याचा संकोच म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.