दात मोजून घ्या

माझ्या भाच्याला फिक्स्ड गियरची सायकल बनवायची आहे. जुनी फ्रेम रंगवून झाली. परवा विचारत होता, "मामू, पुढे ४९ दातांचं चेनव्हील आणि मागे १५ चा कॉग, चालेल ना?" कुठल्याशा व्हिडिओत पाहिलंय. मी म्हणालो, पुण्यात नाही चालणार.

४९ ला १५ ने भागा, ३.२७ येतात. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ७ मीटर जाईल. ४६-१७ घेतलं तर पावणेसहा. पोरांना हे कमी वाटतं. पण फिक्स्डमध्ये चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच, आणि वेग कमी करायचा तर पायांनीच उलटा रेटा द्यायचा. गियर जितका जड, तितका तो रेटा अपुरा. वेलोड्रोमवर स्पर्धक याहूनही जड गियर लावतात, खरं आहे. तिथे कात्रजचा चढ नाही आणि अचानक वळणारी रिक्षाही नाही.

टायरचाही हिशेब आहे. ४८-१६ म्हणजे बरोबर ३. एकच पाय पुढे ठेवून चाक घसरवत थांबायची सवय असेल, तर टायर दरवेळी त्याच जागी घासतो आणि लवकर फाटतो. ४६-१७ मध्ये ती झीज १७ जागी वाटली जाते. एका दाताचा फरक आहे हा!

पण माझा खरा आग्रह हबसाठी आहे, आणि तो अनुभवातून आलाय. माझ्या पहिल्या फिक्स्डला एका दुकानदाराने साध्या फ्रीव्हीलच्या हबवरच कॉग घट्ट पिळून दिला होता. पुढे पायडल मारताना तो आवळला जायचा. एकदा पुलाच्या उतारावर मागे जोर दिला, तर कॉग आट्यांवरून सुटला आणि पाय नुसतेच हवेत फिरू लागले. पुढचा ब्रेक होता म्हणून आज हे लिहितोय. खऱ्या ट्रॅक हबला कॉगच्या बाहेर उलट्या आट्यांची लॉकरिंग बसते. कॉग सैल व्हायला लागला की ती त्याला अडवते. रंगीत चेनव्हीलचे पैसे वाचवा आणि हबवर घाला.

चेनचं म्हणाल तर १/८ इंची कॉगवर ३/३२ ची चेन बसत नाही, तेव्हा दोन्ही १/८ चीच घ्यावी. चेन सरळ रेषेत हवी, तिरकी चालली की उतरते, आणि फिक्स्डमध्ये चेन उतरली की पायांचा ब्रेकही गेला. क्रँक १६५ मिलिमीटरचे बरे, वळणावर पायडल रस्त्याला लागत नाही.

भाचा ४६-१७ ला तयार झालाय. ब्रेकवर मात्र अडून बसलाय, 'लुक' जातो म्हणे. ब्रिटनमध्ये १९८३ पासूनच्या नियमांनुसार रस्त्यावरच्या फिक्स्डला पुढचा ब्रेक लागतोच, हेही सांगून पाहिलं. तूर्तास त्याचं मागचं चाक माझ्या माळ्यावर आहे. ब्रेक बसवून आला की घेऊन जाईल.