डोळ्यात कूस गेली तर

पनवेल तालुक्यातली शेते कमी झाली, पण दिवाळीच्या पुढेमागे उरलेल्या खाचरांत भाताची झोडणी होतेच. झोडताना कूस उडून डोळ्यात जाते. आपण पदराने चोळतो आणि पुन्हा कामाला लागतो.

बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्या वरच्या अंगाला पेशींचे पाच-सात थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. ही डोळ्याची तटबंदी. ती शाबूत असेपर्यंत बहुतेक जंतूंचे काही चालत नाही. साधा ओरखडा एक-दोन दिवसांत भरूनही येतो. पण कुसेबरोबर बुरशी आत गेली, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. डोळा लाल होतो, ठणकतो. जंतू मारण्यासाठी या पेशी जे रस सोडतात, त्यांना शत्रू आणि आपला पडदा यांतला फरक कळत नाही. पडदाही विरघळू लागतो. व्रण भरला तरी पांढरा डाग राहतो. त्यालाच आपण डोळ्यात फूल पडले म्हणतो.

मग या पेशींनाच आवरले तर? मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेला ड्रॉप पुष्कळदा नेमके तेच करतो. त्यात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड असते. लाली उतरते, माणूस कामावर जातो. पहारेकरी झोपवले गेलेले असतात आणि बुरशी निवांत वाढत असते. डॉक्टरही स्टिरॉइड वापरतात, नाही असे नाही; पण व्रण खरवडून, जंतू कोणता ते पाहून.

एक खाडा म्हणजे रोज बुडाला, हे मान्य. तरी हा हिशेब पाहा. नेपाळमधल्या भक्तपूर येथे ओरखडा पडलेल्यांच्या डोळ्यांत दिवसातून तीनदा, तीन दिवस प्रतिजैविक मलम घातले गेले. 2001 साली त्याचा अहवाल छापून आला. इजा झाल्यापासून अठरा तासांच्या आत मलम सुरू झालेले 284 जण होते. त्यांतल्या एकालाही व्रण झाला नाही.

तेव्हा डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा. एरंडेल किंवा आईचे दूध घालू नये. खुपणे थांबले नाही तर त्याच दिवशी उपजिल्हा रुग्णालय किंवा नेत्ररोगतज्ज्ञ गाठावा. आधी एखादा ड्रॉप घातला असेल तर ती बाटली सोबत न्यावी, लपवू नये.