बाळ की बाल?

एक छोटंसं काम करा. ‘ताट’ हा शब्द मोठ्याने म्हणा. (ऑफिसात असाल तर पुटपुटा, नाहीतर शेजारचा कलीग डबा उघडायला लागेल.) जीभ कुठे कुठे जाते ते बघितलंत? ‘ता’ म्हणताना दातांच्या मागे टेकते, ‘ट’ म्हणताना वळून वर टाळूला लागते. यात काय विशेष, असं वाटतं ना? विशेष हे की तुमच्या कंपनीच्या लंडन ऑफिसातल्या बॉसला हे दोन आवाज बहुधा एकच वाटतील. तुम्ही दहादा म्हणून दाखवा, तो दहादा गोड हसेल. गंमत म्हणजे तोच बॉस सहा महिन्यांचा असताना त्याला हा फरक कळत होता!

थापा नाही मारत. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या दोन संशोधकांनी १९८४ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि त्यासाठी आवाज वापरले ते आपल्या शेजारच्या हिंदीतले. बाळ आईच्या मांडीवर बसलेलं. स्पीकरमधून ‘त... त... त...’ आणि मध्येच ‘ट’. आवाज बदलला की बाजूच्या डब्यात दिवा लागतो आणि खेळण्यातला प्राणी हलायला लागतो. बाळं हुशार असतात. आवाज बदलला की तिकडे मान वळवायची, हे त्यांना पटकन कळतं. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची बहुतेक पोरं बरोबर वळत होती. दहा ते बारा महिन्यांची बहुतेक ढिम्म! हिंदी घरांतल्या त्याच वयाच्या मुलांना मात्र फरक छान कळत होता.

म्हणजे कान जगातल्या सगळ्या भाषांसाठी उघडे ठेवून आपण जन्माला येतो, आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत आजूबाजूला जे बोललं जातं त्यावर ते बेतून घेतो. आता कॅलेंडर काढा. २०१७ साली कायदा बदलला आणि बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. २६ आठवडे म्हणजे साधारण सहा महिने. कान बेतायला बसायचे ते दिवस आणि आई पुन्हा लॅपटॉप उघडून बसते ते दिवस एकच! पुढचे सहा महिने बाळाच्या कानावर दिवसभर पडणार ते पाळणाघरातल्या ताईंचं, नाहीतर सांभाळणाऱ्या मावशींचं बोलणं. (‘पाळणाघर’ या एका शब्दात ळ आणि ण दोन्ही आहेत, हे सहज सांगून ठेवते.)

माझ्या एका मैत्रिणीच्या घरी यावरूनच महाभारत झालं. घर लालबागला, ऑफिस लोअर परळला, लेक दीड वर्षाची. दिवसभर सांभाळायला साताऱ्याकडच्या मावशी. प्रेमळ, आणि तोंड अखंड चालू. भाजी निवडताना पोरीला भाजीची हकिगत, खिडकीतून दिसणाऱ्या टॅक्सीची हकिगत, सगळं. रविवारी गिरगावहून सासूबाई आल्या आणि नातीने फर्मान सोडलं, ‘पानी!’ झालं. ‘ही असली भाषा शिकवता होय हो पोरीला?’ मावशी काही बोलल्या नाहीत. पण सोमवारपासून त्यांचं तोंडच बंद. खायला घालणं, झोपवणं, सगळं व्यवस्थित, पण मुक्याने. आणि पोरगी रडू नये म्हणून दिवसभर टीव्हीवर कार्टून.

आता यात घाटा कोणाचा झाला? पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. एका गटाला समोर बसून, खेळत, पुस्तकं दाखवत. दुसऱ्यांना तीच माणसं, तेच बोलणं, पण टीव्हीवर किंवा नुसतं रेकॉर्डिंग. बारा बैठकांनंतर पहिल्या गटातल्या बाळांना चिनी आवाजांतला फरक कळायला लागला. टीव्हीवाल्यांच्या कानात काही म्हणजे काही शिरलं नाही. बाळाला आवाज लागतो तो डोळ्यांत बघणाऱ्या माणसाचा. त्या घरात ण वाचवायच्या नादात माणूसच म्यूट करून टाकला होता.

बरं, सासूबाईंचा निदानातही जरा घोटाळाच. र, ळ, ण हे आवाज कानाला आधी कळतात, जिभेला मागाहून जमतात. पोरगी तिच्या बाहुलीला ‘बाल’ म्हणते. मी लाडात येऊन म्हटलं, ‘कुठंय तुझं बाल?’ तर माझ्याकडे असं बघितलं, की मला कामावरून काढून टाकावं! ‘बाल नाई, बाल!’ म्हणजे कानाला ळ हवाय, फक्त जीभ अजून तिथे पोचलेली नाही. (कोणाची आठवण आली? अप्रेझलमध्ये आपलंही हेच म्हणणं असतं.)

पण घरच्या उच्चारांनाच चिकटून राहतील, अशीही ही मंडळी नसतात. २०१२ सालचा एक अभ्यास आहे, इंग्लंडमधल्या प्लिमथचा. त्या गावात शब्दातला र ठणठणीत म्हणतात, पण काही मुलांच्या घरी आई-बाबांपैकी कोणीतरी तो गिळणारं. वीस महिन्यांच्या या मुलांनी शब्द ओळखले ते गावाच्या उच्चारात! त्या हिशेबाने आपल्या पोरांचं मराठी सासूबाई ठरवणार नाहीत आणि मावशीही नाहीत, ते जिना, शाळा आणि मैदान ठरवणार. आणि मुंबईच्या मैदानावर ‘काल’ आणि ‘काळ’ एकच होत चाललेत, ही माझी खरी काळजी आहे. पण त्याचा दोष साताऱ्याच्या मावशींना कसा देणार? त्यांचा ळ खणखणीत आहे.

आणि शुद्ध म्हणजे नक्की कुठलं हो? वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, आगरी घरात ‘गाडी’ची ‘गारी’. मालवणीतलं ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आलं आणि त्याचे हजारो प्रयोग झाले. सासूबाई स्वतः ‘मी आल्ये हो’ म्हणत दारातून आत येतात, ते मात्र गोड. गिरणगावात तर घाटावरची आणि कोकणातली माणसं एकाच चाळीत पिढ्यान्‌पिढ्या राहिली, एकमेकांना हसत आणि एकमेकांचे शब्द उचलत.

हसण्यावरून आठवलं. कॅथरीन किन्झलर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं, की पाच-सहा महिन्यांची बाळंसुद्धा आपल्यासारखा उच्चार करणाऱ्या माणसाकडे जास्त वेळ बघतात, आणि पाच वर्षांची मुलं मित्रही तसेच निवडतात. ओळखीचा आवाज जवळचा वाटणं हे झालं उपजत. पण ‘पानी’ म्हणणारा खालचा, हे कोणाच्या पोटातून येत नाही. ते जेवणाच्या टेबलावर शिकवलं जातं. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन बाईंनी फलटणच्या बोलीवर पीएच.डी. केली, १९७८ साली भारतीय नागरिकत्व घेतलं आणि फलटणलाच मुलांची शाळा उभी केली. आपण मात्र मुंबईत बसून मावशींची परीक्षा घेतोय!

मैत्रिणीने शेवटी काय केलं? टीव्हीचा रिमोट ऑफिसच्या बॅगेत घालून न्यायला लागली. आणि मावशींना सांगितलं, ‘मला संध्याकाळी घरी आल्यावर दिवसभरात काय झालं ते हिच्या तोंडून ऐकायचंय, तर तुम्हीच तिला ते सांगत बसा.’ दोन दिवस मावशी बिचकत बोलल्या. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीने दुपारी फोन केला, तर मागे मेथीची हकिगत सुरू होती.

सासूबाई या रविवारी येणार आहेत.